वय भाषेचं आणि वय प्रोग्रामचं



पत्रिकेत आजचा विषय वाचून काही मंडळींनी आधीच विचारून घेतलं, की तुम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, कॉम्प्युटरच्या भाषांशी तुमचं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि प्रोग्रामिंगच्या भाषा म्हणजे कामाला जुंपलेलं तर्कशास्त्रच. शिवाय, एखादी गोष्ट सतत बदलत राहते आणि तरीही आपण तिला जुन्याच नावाने हाक मारतो, हे कसं काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. तो आज आपण एका भाषेच्या निमित्ताने पाहू. भाषेचं नाव फोर्ट्रान.

आधी हिचा आपल्याशी संबंध काय ते सांगतो. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम म्हणतात तिला. २०१२ साली मान्सून मिशन सुरू झालं, तेव्हा या संस्थेने अमेरिकेतलं हवामानाचं एक मॉडेल घेतलं आणि आपल्या पावसासाठी ते घडवत नेलं. ते चालवायला २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला, २०२४ साली ‘अर्क’ आला. यंत्रं दर काही वर्षांनी बदलतात, कोरी करकरीत येतात. पण त्या यंत्रांवर हवेची, समुद्राची, ढगांची जी गणितं चालतात, त्यांचा गाभा फोर्ट्रानमध्ये लिहिलेला असतो. ही भाषा १९५७ सालची. म्हणजे यंदा जूनमध्ये पेरणी कधी करावी, दुबार पेरणीचं संकट टळेल का, याचा अंदाज ज्या आकडेमोडीतून येतो, ती आकडेमोड सत्तरीला टेकलेल्या भाषेत मांडलेली आहे.

हे ऐकून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, ‘अरे बापरे, अजून हेच वापरता? टाका काढून.’ दुसरे म्हणतात, ‘चाललंय ना? मग हात लावू नका.’ या दोघांच्याही बोलण्यात एक गल्लत आहे असं आम्हाला वाटतं. भाषेचं वय आणि त्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचं वय, या दोन गोष्टी ते एकच धरतात. ही गल्लत सोडवली की जुनी भाषा नव्यांच्या शेजारी कशी टिकते, आणि कशाने ती जाते, हे नीट कळतं.

आधी जन्मकथा. १९५० च्या दशकात कॉम्प्युटरला काम सांगायचं म्हणजे त्याच्याच आकड्यांच्या बोलीत एकेक आज्ञा लिहावी लागे. हा आकडा इथून उचल, तो तिथल्यात मिळव, उत्तर तिकडे ठेव. साधं समीकरण असलं तरी पानंच्या पानं भरत. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस नावाचा तिशीतला गणितज्ञ होता. त्याने सुचवलं, की माणसाने समीकरण समीकरणासारखंच लिहावं आणि त्याचं यंत्राच्या बोलीत भाषांतर यंत्रानेच करावं. अशा भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. बॅकसच्या गटाने १९५४ च्या सुमारास काम हाती घेतलं आणि १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी ते पूर्ण झालं. नाव ठेवलं फॉर्म्युला ट्रान्सलेशन, त्याचं फोर्ट्रान.

त्या काळच्या जाणकारांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. यंत्राने केलेलं भाषांतर बोजड होणार, हाताने लिहिलेल्या प्रोग्रामइतकं ते वेगात धावणार नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि यंत्राचा वेळ तेव्हा सोन्याच्या भावाचा. म्हणून बॅकसच्या गटाने सगळी ताकद एका गोष्टीवर लावली, की भाषांतर जवळपास हाताने लिहिल्याइतकं वेगवान झालं पाहिजे. भाषा देखणी आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे दुय्यम होता. फोर्ट्रानने जगाला पहिलं वचन दिलं ते असं : तुम्ही गणित लिहा, वेगाचं आम्ही बघतो.

त्या दिवसांच्या खुणा भाषेच्या अंगावर पुष्कळ वर्षं राहिल्या. प्रोग्राम तेव्हा पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एका कार्डावर ८० रकाने. पहिले ५ ओळीच्या क्रमांकाला, सहावा ‘मागची ओळ पुढे चालू’ हे सांगायला, ७ ते ७२ मध्ये मजकूर, आणि शेवटचे ८ कार्डांना क्रमांक द्यायला, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा जुळवता येईल. कार्डं गेली, पण रकान्यांचा हा नियम पुढे कित्येक वर्षं राहिला. दुसरी खूण अशी, की गणितात आपण आय, जे, के, एन ही अक्षरं मोजणीसाठी वापरतो. म्हणून फोर्ट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकांची, बाकीची दशांशाची, असं आपोआप धरलं जाई. इंग्रजीत दशांशाच्या संख्येला ‘रियल’ म्हणतात आणि ‘गॉड’ हा शब्द जी पासून सुरू होतो. त्यामुळे प्रोग्रामर मंडळींत एक विनोद रूढ झाला : परमेश्वर रियल आहे, कुणी त्याला पूर्णांक जाहीर करेपर्यंत! तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा विनोद सांगितला की आमचे विद्यार्थी हसायचे, आणि मग अस्तित्व म्हणजे काय यावर तास रंगायचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५७ ची फोर्ट्रान आणि आजची फोर्ट्रान एकच का? मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात दिव्याचा दृष्टान्त आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तीच का? तीच नाही म्हणावं तर दिवा एकच आहे. तीच म्हणावं तर मधलं तेल कधीच जळून गेलं. भाषेचंही असंच आहे. १९६६ साली फोर्ट्रानचं प्रमाणरूप ठरलं. कॉम्प्युटरच्या भाषेचं असं प्रमाणीकरण जगात तेव्हा पहिल्यांदाच झालं. पुढे ७७ ची आवृत्ती आली, मग ९०, ९५, २००३, २००८, २०१८ आणि २०२३. पायथन १९९१ ची, ज्युलिया २०१२ ची. पण फोर्ट्रानचा ताजा प्रमाणग्रंथ २०२३ चा आहे. मग जुनी कुणाला म्हणायचं?

आमचं म्हणणं असं, की प्रोग्रामचं वय तो लिहिला त्या दिवसापासून मोजावं. भाषेचं वय मात्र जन्मसालावरून मोजू नये. तिच्यात शेवटचं नवं काही कधी लिहिलं गेलं, त्यावरून मोजावं. १९७५ साली लिहिलेला, कुणीही न उघडलेला प्रोग्राम जुना आहे. पण त्याच भाषेत आज सकाळी कुणी संशोधिका ढगांतल्या थेंबांचं नवं सूत्र लिहीत असेल, तर भाषा आजची आहे. भाषा म्हातारी होते ती तिच्यात फक्त डागडुजी उरते तेव्हा.

मग नवं लेखन चालू राहावं यासाठी काय लागतं? फोर्ट्रानच्या इतिहासावरून तीन गोष्टी दिसतात. दिलेला शब्द पाळणं, शेजाऱ्यांशी जमवून घेणं आणि पुढची पिढी घडवणं.

पहिली गोष्ट, शब्द पाळणं. कुणी दहा वर्षं खपून नदीच्या पुराचं गणित लिहिलं आणि भाषेच्या नव्या आवृत्तीत ते चालेनासं झालं, तर तो माणूस त्या भाषेकडे पुन्हा फिरकेल का? म्हणून फोर्ट्रानच्या समितीने जुनं काढताना कमालीची सबुरी ठेवली. एक उदाहरण घ्या. सुरुवातीच्या फोर्ट्रानमध्ये तीन फाट्यांची एक अट होती. संख्या ऋण असेल तर या ओळीवर जा, शून्य असेल तर त्या, धन असेल तर तिसऱ्या. वाचणाऱ्याच्या डोक्याचा भुगा करणारी रचना. १९९० च्या आवृत्तीत तिच्यावर ‘कालबाह्य होत चाललेली’ असा शिक्का मारला. भाषेतून ती काढली २०१८ च्या आवृत्तीत. म्हणजे २८ वर्षं आधी सूचना! आणि काढल्यानंतरही बरेच कंपायलर ती अजून निमूटपणे चालवून घेतात. घरातल्या जुन्या माणसाला ‘उठा’ म्हणायच्या आधी त्याची बसायची दुसरी सोय करावी, तशी ही रीत.

पण शब्द पाळण्याची किंमत असते. जुनं काढायचं नाही म्हटलं की घरात सामान साठत जातं. नव्याने शिकणाऱ्याला एकाच गोष्टीच्या चार चार पद्धती दिसतात आणि कुठली धरावी ते कळत नाही. १९८० च्या दशकात यावर मोठा वाद झाला. भाषेला आधुनिक करायचं म्हणून समितीने पुष्कळ नव्या गोष्टी आणल्या. त्यावर काही मोठ्या कंपन्या म्हणाल्या, हे फार होतंय, ही फोर्ट्रान राहिलीच नाही. ८० च्या दशकात येणारी आवृत्ती लांबत लांबत ९० वर गेली. अमेरिकेत तर ७७ चं आणि ९० चं, अशी दोन्ही प्रमाणरूपं काही काळ शेजारी शेजारी मान्य ठेवावी लागली.

त्या वादातून जे निघालं ते महत्त्वाचं ठरलं. कार्डांच्या रकान्यांचं बंधन सुटलं. ‘आपोआप काही धरू नका, प्रत्येक नाव मी जाहीर करीन,’ असं सांगायची सोय प्रमाणभाषेत आली. प्रोग्रामचे स्वतंत्र विभाग करता येऊ लागले. आणि आकड्यांच्या अख्ख्या तक्त्याला एकच नाव देऊन त्यावर एका ओळीत गणित करता येऊ लागलं. दोन तक्त्यांची बेरीज म्हणजे ए अधिक बी, बस्स. आज नवी फोर्ट्रान वाचणाऱ्याला ती पायथनची लांबची बहीण वाटते, कार्डांवरच्या भाषेची नात वाटत नाही. नवं आणलं, पण कुठलं आणलं ते पाहा. तक्त्यांचं गणित, मोठी आकडेमोड, २००८ च्या आवृत्तीत अनेक यंत्रांवर एकदम काम वाटून देण्याची सोय. म्हणजे जे आपल्या कामाचं तेच. सगळ्यांसारखं होण्याच्या नादात संकेतस्थळं बांधायची भाषा व्हायला ती गेली नाही.

दुसरी गोष्ट, शेजार. एके काळी प्रत्येक भाषेला वाटे, सगळं माझ्यातच लिहावं. आता ते दिवस गेले. आज एखादी विद्यार्थिनी पायथनमध्ये ‘ही हजार समीकरणं सोडव’ अशी एक ओळ लिहिते. ते काम शेवटी कुणाकडे जातं? लॅपॅक नावाच्या संचाकडे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला हा गणिती प्रोग्रामांचा संच मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिलेला. संख्याशास्त्राची मंडळी जी आर नावाची भाषा वापरतात, तिच्या पोटातही हाच संच आहे. वर पायथन बोलते, खाली फोर्ट्रान राबते. मुलीला त्याचा पत्ताही नसतो, आणि असायची गरजही नाही.

यासाठी भाषांना एकमेकींशी बोलावं लागतं आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. साधी गोष्ट सांगतो. आकड्यांचा तक्ता कॉम्प्युटरच्या स्मृतीत एका सरळ रांगेत ठेवावा लागतो. फोर्ट्रान तो उभ्या स्तंभांनी ठेवते, आधी पहिला स्तंभ वरून खाली, मग दुसरा. सी ही भाषा आडव्या ओळींनी ठेवते. हा फरक लक्षात न घेता एकीचा तक्ता दुसरीच्या हाती दिला, तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि उत्तर चुकीचं येतं. दोन शेजाऱ्यांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ धरून तासभर गप्पा माराव्यात, तसा प्रकार. २००३ च्या आवृत्तीत फोर्ट्रानने सी शी बोलण्याचे नियम भाषेतच लिहून ठेवले. पायथनसाठी एफटूपाय नावाचं साधन आधीच तयार झालं होतं. या सोयी झाल्या म्हणून ती नव्या घरात पाहुणी न राहता कामाची माणूस झाली.

पण शेजाऱ्यांनी तिला ठेवून का घेतलं? स्वतःच का नाही लिहिलं? इथे मूळ वचन पुन्हा येतं. समजा एका प्रोग्रामला दोन तक्ते दिले, एकातून वाचायचं आणि दुसऱ्यात लिहायचं. सी भाषेत हे दोन तक्ते स्मृतीत एकमेकांवर पडलेले असू शकतात. म्हणजे एकात लिहिताना दुसऱ्यातलं पुसलं जाऊ शकतं. त्यामुळे कंपायलर घाबरून एकेक पाऊल टाकतो. फोर्ट्रानमध्ये नियमच असा, की ज्यात लिहायचं तो तक्ता दुसऱ्यावर पडलेला नसणार, ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. मग कंपायलर निर्धास्तपणे चार चार, आठ आठ आकडे एकदम उचलतो. सी भाषेत अशी हमी द्यायची सोय प्रमाणरूपात आली १९९९ साली. हमी देणाऱ्यावर भरवसा ठेवला की काम वेगात होतं, हे माणसांतही खरं आहे.

आता तिसरी गोष्ट. तीच सर्वांत अवघड, आणि आज तिथेच खरं दुखणं आहे. ती म्हणजे माणसं.

सायपाय हा पायथनचा वैज्ञानिक संच आहे, जगभर वापरला जातो. त्यात ७७ च्या जमान्यातले फोर्ट्रान प्रोग्राम भरपूर होते. गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच सी किंवा पायथनमध्ये नव्याने लिहिले जात आहेत. ते चुकत होते असं नाही. वेगानेही चालत. पण सांभाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते वाचता येत होते, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर ते बांधून घेणं कटकटीचं झालं होतं. म्हणजे प्रोग्राम निर्दोष असूनही बाहेर गेला, कारण वाचणारा उरला नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी २०२३ साली एक अहवाल लिहिला. पुढची १५ वर्षं महत्त्वाच्या कामांसाठी फोर्ट्रानवर विसंबण्यात काय जोखीम आहे, हाच त्याचा विषय. त्यांची काळजी दोन गोष्टींची होती. फोर्ट्रान जाणणारी माणसं मिळतील का? आणि आताचे महासंगणक ज्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर, म्हणजे जीपीयूंवर चालतात, त्यांचे उत्पादक फोर्ट्रानकडे पुरेसं लक्ष देतील का?

ही काळजी खोटी नाही. तिच्यावर जगात वेगवेगळी उत्तरं शोधली जात आहेत, आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हवामान प्रकल्पाने वातावरणाचं मॉडेल सी++ मध्ये नव्याने लिहिलं, आणि त्या कामाला २०२३ साली गॉर्डन बेल पारितोषिकही मिळालं. म्हणजे पुनर्लेखन करता येतं आणि उत्तम करता येतं. कॅलटेकमधला एक गट ज्युलियामध्ये पहिल्यापासून नवं मॉडेल लिहितो आहे. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने मधला रस्ता धरला. मॉडेलचा वाऱ्याच्या गतीचा भाग सी++ मध्ये नव्याने लिहिला, पाऊस-ढग-किरणांचा भाग फोर्ट्रानमध्येच ठेवून त्यात जीपीयूसाठी सूचना घातल्या, आणि २०१६ साली ते रोजच्या अंदाजाला लावलं. ब्रिटनच्या हवामान खात्याने चौथा मार्ग काढला. शास्त्रज्ञाने विज्ञान फोर्ट्रानमध्येच लिहायचं. कुठल्या यंत्रावर काम कसं वाटायचं हे त्याने लिहायचंच नाही, तो भाग पायथनमधलं एक साधन तयार करून देतं. उद्या यंत्र बदललं तर ते साधन बदला, विज्ञानाला हात लावू नका.

या चारांत बरोबर कोण? इथे आम्हाला आपल्याकडचा एक जुना इतिहास आठवतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या-कोज्येचा खटाटोप टाळून ग्रहांचं गणित सोपं करणारा हा ग्रंथ. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं त्यावर चालली. गणित आणि आकाश यांत फरक पडू लागला, तर आपल्या परंपरेत बीजसंस्काराची सोय आहे. म्हणजे पद्धत तीच ठेवायची, मूळ आकड्यांना दुरुस्ती द्यायची. पण एकोणिसाव्या शतकात फरक इतका वाढला, की केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्यांनी नवी कोष्टकंच तयार केली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी तर आधुनिक गणित संस्कृत ग्रंथाच्या रूपात, ‘ज्योतिर्गणितम्’ म्हणून मांडलं. नवं ज्ञान, जुनी भाषा. बीजसंस्कारही योग्य होता आणि नवी रचनाही योग्य होती. कधी काय करायचं हे ठरवू शकली ती जुनं गणित वाचता येणारी माणसं. जुनं ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यापुढे असा निर्णय नसतो. त्याला एक तर डोळे मिटून चालवत राहावं लागतं किंवा डोळे मिटून फेकावं लागतं.

म्हणून आम्ही म्हणतो, की फोर्ट्रान ठेवायची की बदलायची, हा वाद आपण जरा चुकीच्या टोकाने घालतो. आधी विचारावं, आपल्याकडे ती वाचणारे किती आहेत? हवामानाच्या मॉडेलमध्ये एखाद्या ओळीत एक स्थिरांक असतो, समजा ०.७. तो ०.७ च का? तो निरीक्षणातून आला, की कुणी मॉडेल जुळवताना ठेवला, की मूळ लेखकाला तो तात्पुरता होता? भाषांतर करणारा ०.७ चं ०.७ च करील. त्यामागचं कारण मात्र लिहून ठेवलं नसेल तर जुन्या भाषेबरोबर जाईल, आणि नव्या भाषेत उरेल नुसता आकडा. तर्कशास्त्रात आम्ही शिकवतो, की निष्कर्ष हाती आहे आणि आधारविधान हरवलं आहे, अशा अवस्थेला ज्ञान म्हणत नाहीत. भाषा बदलली की ही हानी होतेच असं नाही. पण घाईने, मूळ लेखक निवृत्त होऊन गेल्यावर, कंत्राटावर भाषांतर केलं तर होते.

आता आशेची बाजू. २०२० च्या सुमारास जगभरातल्या काही तरुण प्रोग्रामर आणि शास्त्रज्ञांनी मिळून फोर्ट्रानच्या आसपास जे नव्हतं ते उभं करायला घेतलं. इतर भाषांत असतो तसा सर्वांना लागणाऱ्या प्रोग्रामांचा सामायिक संच. दुसऱ्याचं काम एका आज्ञेत आणून आपल्याशी जोडणारं साधन. नवशिक्यांसाठी धडे. खुल्या पद्धतीने लिहिलेला नवा कंपायलरही पुढे आला आहे. यातली एकही गोष्ट भाषेच्या व्याकरणाची नाही, सगळ्या तिच्या घरसंसाराच्या आहेत. भाषा व्याकरणाने उभी राहते, पण नव्या सुनेला स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत ते सापडलं नाही तर ती तिथे रमत नाही.

आणि आपण काय करावं? दोन-तीन साध्या गोष्टी सांगून थांबतो. महाविद्यालयात फोर्ट्रान शिकवणार असाल तर ९० नंतरची शिकवा. रकान्यांची, आपोआप नावं धरणारी भाषा पहिल्याच तासाला समोर ठेवली तर पोरं म्हणणार, हे आजोबांचं आहे, आणि त्यांचं चुकणार नाही. जुनी शिकवा ती मागाहून, वाचण्यापुरती, मोडी शिकतात तशी. मोडी येणारा कुणी पत्रव्यवहार मोडीत करत नाही, पण दप्तरं उघडतात ती त्याच्याच हातून. दुसरं, विद्यार्थ्याला पायथन आणि फोर्ट्रान एकत्र वापरायला लावा. वरचं नियोजन पायथनमध्ये आणि आतलं जड गणित फोर्ट्रानमध्ये करून बघू दे. दोन भाषांना एकमेकींची गरज का पडते, हे त्याला पुस्तकापेक्षा त्या एका प्रयोगातून कळेल. तिसरं, ज्या संस्थांत अशी मॉडेलं चालतात, तिथे प्रत्येक ज्येष्ठ माणसाशेजारी एक तरुण माणूस बसवा आणि आकड्यांमागची कारणं लिहून घ्या. हे काम कुठल्याही भाषेत करता येतं, मराठीतसुद्धा. आणि ते निवृत्तीच्या समारंभाच्या आधी करावं लागतं.

उद्या पाषाणच्या संस्थेतलं मॉडेल सी++ मध्ये गेलं किंवा ज्युलियात गेलं, तर आम्हाला दुःख होणार नाही. भाषेवर माया असावी, पण पाऊस कुठल्या भाषेत मोजला याची शेतकऱ्याला पर्वा नसते. त्याला अंदाज बरोबर यायला हवा. मॉडेलमधली ०.७ ची ओळ पाहून ‘हे का?’ असं विचारणारं आणि त्याचं उत्तर देऊ शकणारं कुणीतरी तिथे बसलेलं असावं, एवढीच काळजी आपण घ्यायची. ते असेल तोवर भाषा जुनी की नवी, हा हिशेब नंतर सावकाश मांडता येईल.

 आता आपले प्रश्न घेऊ.